हे वस्तादांचं, हे माझं

तलावावर मला सगळेच आत्या म्हणतात. माझ्याहून वयाने मोठे, टक्कल पडलेले, नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थसुद्धा कठड्याला लोंबकळत विचारतात, "आत्या, आज तरी पाय नीट पडतायत का बघा हो." खरी आत्या मी एकीचीच, माझ्या थोरल्या भावाच्या मुलीची. तिला मी टिटवी म्हणते, कारण जन्मल्यापासून तिचं तोंड बंद झालेलं मी पाहिलेलं नाही. लहानपणी ती काठावर उभी राहून मला हाका मारायची आणि तिच्यामुळे सगळ्या गावाची मी आत्या झाले.

पोहायला शिकवताना माझी एक सवय आहे आणि तिच्यावरून माझी नक्कलही होते. काहीही सांगितलं की ते कुणाचं हे मी लगेच सांगते. "श्वास सोडायचं बघा, घ्यायचं आपोआप होतं. हे वस्तादांचं." "लाथ गुडघ्यातून नको, मांडीतून हवी. हे माझं." वस्ताद म्हणजे ज्यांनी मला शिकवलं ते. तेही असंच करायचे. एकदा मी विचारलं, असं का, तर म्हणाले, "अगं, पाण्यात उतरलेला माणूस जीव मुठीत धरून आपलं ऐकतो. उद्या त्यात चूक निघाली तर जाब कुणाला विचारायचा, हे त्याला माहीत नको?" मला ते पटलं आणि जन्मभर पुरलं.

तर त्या दिवशी टिटवी आली ती कोरडीच. पोहायचे कपडे नाहीत, टोपी नाही, येऊन पायऱ्यांवर बसली आणि गप्प राहिली. ही गप्प बसली म्हणजे एकतर ताप आहे नाहीतर घरात काहीतरी फुटलंय.

"काय झालं?"

"निबंध परत आला." तिने गुडघ्यांत डोकं घातलं. "म्हणतात, चोरलाय."

ती पोहण्याच्या प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करत होती आणि शेवटच्या परीक्षेआधी एक मोठा निबंध लिहून द्यायचा असतो. विषय तिनेच निवडला होता, नवशिक्याची पाण्याची भीती कशी घालवावी. कॉलेजात आता संगणकच निबंध तपासतो. जुन्या सगळ्या निबंधांशी ताडून बघतो. त्याने टिटवीचा निबंध गॉगलच्या निबंधाला नेऊन भिडवला. गॉगल म्हणजे आमच्याकडेच तयार झालेला मुलगा. जेवतानाही डोळ्यांवरचा पोहण्याचा चष्मा काढायचा नाही म्हणून ते नाव. दोन-तीन वर्षांपूर्वी तो त्याच कॉलेजातून बाहेर पडला. पानंच्या पानं सारखी होती, असं तिला सांगितलं होतं. निबंध नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं. शिवाय सुट्टीनंतर तलावावरची लहान मुलांची तुकडी मी तिच्या हाती देणार होते. माझे गुडघे आता कुरकुरतात आणि व्यवस्थापक प्रमाणपत्राशिवाय कुणाला पाण्यात उतरवत नाही.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं. "त्याचा निबंध वाचला होतास?"

"नाही गं आत्या. शप्पथ. त्याने असा लिहिलाय हेच मला माहीत नव्हतं."

टिटवीला खोटं बोलता येत नाही. तिचे कान लाल होतात. कान लाल नव्हते. झालं, माझ्यापुरता निकाल लागला.

घरी दादा म्हणाला, "कशाला वाद वाढवता? माफी मागून टाका, दुसरा लिहून द्या."

"न केलेल्या चोरीची माफी? दादा, तू जन्मभर असाच वागलास म्हणून तुला कुणीही रांगेतून मागे ढकलतं."

वहिनी हसू लपवत स्वयंपाकघरात गेली. दादाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टिटवीला घेऊन कॉलेजात गेले. जाताना चांगले कपडे घातले, पण गळ्यातली शिट्टी काढायची विसरले. बरंच झालं, तिच्यामुळे मला धीर असतो.

निबंधाच्या मॅडमची खोली जिन्याखाली होती. छत एका बाजूला उतरतं, त्यामुळे उंच माणसाने उठताना सांभाळायचं. टेबलावर कागदांचे ढीग, खिडकीत कुंडीतलं एक वाळकं रोप आणि पंखा असा की वारा कमी आणि गप्पाच जास्त. मॅडम माझ्याच वयाच्या असतील. आवाज मऊ, पण नजर अशी की वर्गात कोण चिठ्ठी सरकवतोय ते पाठमोऱ्याही कळावं.

"बसा. तुम्ही आई का?"

"आत्या. आणि आधीच सांगते, आमच्या मुलीने चोरी केलेली नाही. तुमचं ते यंत्र चुकलंय."

"यंत्र चुकतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच मी स्वतः वाचते. तुम्ही वाचलात निबंध?"

वाचला नव्हता. टिटवीने मला दाखवलाच नव्हता, म्हणाली होती, छापून झाल्यावर देईन. पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही. "तुम्ही वाचून दाखवा," मी म्हटलं.

मॅडमनी दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवले, एकावर बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. "बुडणारा माणूस पाण्यामुळे बुडत नाही, घाईमुळे बुडतो."

"पाणी कुणालाही खाली ओढत नाही," मी म्हटलं. "आपणच त्याच्या डोक्यावर चढायला बघतो."

मॅडमनी वर पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे पाहिलं. तेच वाक्य होतं.

"पुढे?" त्या म्हणाल्या.

"म्हणून नवशिक्याला आधी हातपाय मारायला शिकवू नये, आधी गप्प राहायला शिकवावं. जो पाण्यात गप्प राहिला तो तरला."

मॅडमचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि मी बोलत होते. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा, सगळं मला पाठ, कारण रोज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी हेच तर सांगते. टिटवीचा निबंध म्हणजे मी होते. गॉगलचा निबंध म्हणजेही मीच होते. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी टेबलावर थाप मारली, कागदांचा एक ढीग घसरला.

"बघा! हिने त्याचं घेतलंच नाही. त्याने माझ्याकडून ऐकलं, हिनेही माझ्याकडून ऐकलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सुटली आमची पोर."

टिटवीने कित्येक दिवसांनी श्वास सोडल्यासारखा सोडला. मॅडमनी घसरलेले कागद गोळा केले, नीट लावले.

"मान्य," त्या म्हणाल्या. "तिने त्या मुलाचं चोरलेलं नाही. तशी नोंद मी आजच करते." मग टिटवीकडे वळून त्यांनी विचारलं, "पण मग हे कुणाचं आहे?"

"आत्याचं," टिटवी म्हणाली. "म्हणजे घरचंच."

"आणि निबंधात कुणाचं म्हणून लिहिलंयस?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "मॅडम, मगाचं पुन्हा वाचा," मी म्हटलं. "पहिल्या वाक्यापुढे 'हे वस्तादांचं' असं कुठे आहे का?"

"नाही."

"आणि 'डोक्यावर चढायला बघतो', तिथे माझं नाव?"

"तुमचं नाव निबंधात कुठेच नाही. सुरुवात अशी आहे." त्यांनी पहिलं पान काढलं. "माझ्या अनुभवावरून मी ठामपणे सांगू शकते की."

माझ्या अनुभवावरून! नाकाला मिरची झोंबावी तशी मी उठले आणि डोकं उतरत्या छतावर आपटलं. ते 'डोक्यावर चढणारं' वाक्य काही मला फुकट मिळालेलं नाही. तरुणपणी खोल बाजूला एका आडदांड माणसाला काढायला गेले तेव्हा तो खरोखर माझ्या डोक्यावर चढला होता. खाली अंधार, वर त्याचं वजन, आणि मला कळलं की याला पाणी बुडवत नाहीये, हाच आम्हा दोघांना बुडवतोय. त्याला काढलं तेव्हा मी कितीतरी वेळ काठावर थरथरत पडून होते. त्या थरथरण्यातून ते वाक्य आलं. आणि ही, जिने पहिल्या दिवशी माझा गळा असा आवळला होता की मला श्वास घेता येईना, ही लिहिते, माझ्या अनुभवावरून!

"मॅडम, हिला नापास करा," मी म्हटलं.

"आत्या!"

"आत्या म्हणू नकोस. मी भांडायला आले होते, तुझ्या बाजूने. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलीस आणि वर मलाच पुंगी वाजवायला आणलंस?"

मला राग आला होता हे खरं, पण रागाच्या खाली मला दुखलं होतं. गॉगल परका, त्याने नाव गाळलं तर मी त्याला फोनवर चार शब्द सुनावले असते आणि विसरले असते. पण हिने वस्तादांनाही गाळलं. वस्ताद जाऊन इतकी वर्षं झाली. त्यांचं नाव आता राहिलंय ते माझ्या तोंडात. माझ्यामागे ते हिच्या तोंडात राहील असं मी धरून चालले होते. ते नाही राहिलं तर माणूस दुसऱ्यांदा जातो, असं मला त्या जिन्याखालच्या खोलीत वाटलं.

आता मॅडमनाच मला खाली बसवावं लागलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "आत्या," त्या म्हणाल्या, म्हणजे त्याही त्याच वाटेने गेल्या, "उसनं घेणं हा गुन्हा नाही. सगळी विद्या उसनीच असते. घेतल्याचं लपवलं की बिघडतं. मी तिला पुन्हा लिहायची संधी देऊ शकते, पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर बसून प्रत्येक ओळीचा हिशेब द्यायचा. उशिराचे गुण जातील." मग त्या टिटवीला म्हणाल्या, "एवढंच सांग. आत्याचं आत्याला देऊन टाकलं, वस्तादांचं वस्तादांना दिलं, तर यात तुझं काय उरतं?"

टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. चोरीचा आरोप झाला तेव्हा आलं नव्हतं, ते आता आलं.

रात्रभर मी कूस बदलत होते असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी नेहमीसारखी घोरत झोपले, रागावले की मला उलट गाढ झोप लागते. सकाळी मात्र डोकं साफ होतं. मॅडमचा तो अनुत्तरित प्रश्न मलाच खटकत होता. कारण टिटवीचं काहीच नाही हे खरं नव्हतं.

तलावावर ती माझ्याआधी आली होती. काठावर कागद पसरून बसली होती. मी ओले हात पुसून एक कागद उचलला. 'बुडणारी व्यक्ती जलामुळे बुडत नसून गडबडीमुळे बुडते,' असं तिने आता लिहिलं होतं.

"हे काय?"

"शब्द बदलले."

"कपडे बदलले म्हणून माणूस बदलतो का? वस्तादांना कोट घातलास तरी ते वस्तादच. जसंच्या तसं घ्यायचं तर अवतरणात घाल आणि नाव लिही. नाहीतर कागद बाजूला ठेव, मला काय म्हणायचंय ते आधी समजून घे आणि तुझ्या तोंडाने सांग. तरी खाली लिही, हे आत्याकडून." मी तिच्या शेजारी बसले. गुडघे कडाकडा वाजले. "आणि ते चमच्यांचं का नाही लिहिलंस?"

चमच्यांचं म्हणजे असं. टिटवी मदतीला यायची तेव्हा काही लहान मुलं मी सांगूनही डोकं पाण्यात घालायची नाहीत. ही घरून स्टीलचे चमचे आणायची, उथळ पाण्यात तळाशी टाकायची आणि मुलांना चष्मा लावून ते वर काढायला लावायची. मुलं डोकं घालायची हे मी पाहिलं होतं. पण मी म्हटलं होतं, "आपण इथे भांडी घासायला आलेलो नाही," आणि वहिनीचे चमचे परत पाठवले होते.

"तू नको म्हणाली होतीस," टिटवी म्हणाली.

"म्हणाले होते. मग?"

"मग लिहू काय? की आत्याचं चुकतं?" ती एकदम बोलायला लागली, बांध फुटल्यासारखी. "तू सांगतेस, डोळे मिटा, श्वास धरा, डोकं खाली. हे वस्तादांचं. मला लहानपणी तू हेच सांगितलंस आणि मी डोळे मिटले की मला वाटायचं, खाली काहीच नाहीये. तळच नाहीये. मी दर वेळी मेले असं वाटायचं गं. एकदा चुकून डोळे उघडे राहिले आणि मला तुझे पाय दिसले. पायाची नखं दिसली. तेव्हा माझी भीती गेली. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला वाटत होतं की तुझ्या शिकवण्याने गेली. म्हणून चमचे. तळ दिसावा म्हणून." तिने नाक पुसलं. "तुझ्या आणि वस्तादांच्या विरुद्ध कसं लिहायचं? त्यापेक्षा तुमचंच लिहिलं."

इतकी वर्षं मी कितीतरी पोरांना डोळे मिटायला लावत आले होते, आणि त्यांचे ते आवळलेले चेहरे मला आता वेगळे दिसत होते. मग मला वस्तादांचा जुना तलाव आठवला. पाणी हिरवं गर्द, शेवाळाचं. डोळे उघडले तरी स्वतःचा हात दिसायचा नाही. त्या पाण्यात डोळे मिटणंच शहाणपणाचं होतं. वस्ताद चुकले नव्हते. पाणी बदललं होतं आणि मी जुन्या पाण्याचं नव्या पाण्यात सांगत राहिले होते.

"लिही," मी म्हटलं. "वस्तादांचं नाव घाल, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. त्यांचं पाणी कसं होतं तेही घाल. माझं नाव घाल आणि मी काय चुकले तेही माझ्याच नावावर घाल. नाव कशाला घालतो आपण? जाब विचारता यावा म्हणून. तू विचारलास, आता लेखी विचार. आणि मग लिही, हे माझं."

"तुला राग नाही ना येणार?"

"येईल की. राग आला तर मी मरते का?"

टिटवी हसली, आणि मग जी बोलायला लागली ती दुपारपर्यंत थांबली नाही. मला बरं वाटलं.

गॉगललाही मी फोन केला. "आत्या," तो चाचरत म्हणाला, "मला वाटलं, तलावावरचं म्हणजे सगळ्यांचंच." मी म्हटलं, "पाणी सगळ्यांचं, बाळा. वाक्यं नाहीत." त्याने कॉलेजला काय लिहिलं ते त्याचं त्याला ठाऊक, लिहिलं एवढं मॅडमनी मला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात टिटवी त्या जिन्याखालच्या खोलीत एकटी गेली. मी आले तर डोकं पुन्हा छताला लागेल, असं म्हणाली. मॅडमनी कुठल्याही ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे कुणाचं? हिने सांगायचं. वस्तादांचं, आत्याचं, वाचनालयातल्या अमक्या पुस्तकातलं, आणि चमच्यांच्या पानांवर, माझं. ती पानं निबंधात सगळ्यात आखूड होती. पण मॅडमनी तिथेच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले आणि हिला सगळ्यांची उत्तरं आली. उशिराचे गुण कापले गेले ते गेलेच. निबंध पास झाला, परीक्षाही झाली. सुट्टीनंतर लहान मुलांची तुकडी टिटवीच्या हाती गेली आणि वहिनीच्या डब्यातले चमचे दिवसेंदिवस कमी व्हायला लागले.

निबंध मी आता वाचलाय. माझी चूक त्यात माझ्या नावासकट छापलेली आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, सांगितल्याप्रमाणे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वस्तादांचं नाव पाहिलं, छापील, नीट, आणि मी चष्मा पुसला.

परवा माझ्या मोठ्यांच्या तुकडीत एक नवे गृहस्थ आले, निवृत्त, भारदस्त. कमरेएवढ्या पाण्यात दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि डोकं काही खाली घालेनात. माझ्या ओठांवर आलंच होतं, डोळे मिटा, श्वास धरा. मी थांबले. पलीकडे उथळ बाजूला टिटवीची मुलं किलबिलत होती. मी तिला हाक मारली. "ए, एक चमचा दे गं."

तिने फेकला, मी झेलला आणि त्या गृहस्थांच्या पायाशी सोडला. तो चमकत तळाला जाऊन बसला.

"डोळे उघडे ठेवा आणि तो बघा," मी म्हटलं. "तळ कुठे पळून जात नाही."

गृहस्थांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं. आत्या रोज म्हणते ते त्यांनी इतरांकडून ऐकलं असणार. "हे कुणाचं म्हणायचं, वस्तादांचं की तुमचं?"

पलीकडची किलबिल थांबली होती. टिटवी पाण्यात उभी राहून कान देऊन ऐकत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"हे टिटवीचं," मी म्हटलं. "ती बघा, तिथे उभी आहे. काही चुकलं तर तिला विचारायचं."